धाकटीच्या नावावरचं खोकं

४ फेब्रुवारी

धाकटे,

सुरुवातीला आशीर्वाद वगैरे लिहायचे असतात, ते लिहिले आहेत असं समज. फोन तू उचलत नाहीस. पहिल्या वर्षी मी सात वेळा केला, मग मलाही काही मान आहे म्हणून सोडून दिला. तुझा पत्ता माझ्या लेकीच्या वहीत सापडला. चोरून घेतला म्हणायचं असेल तर म्हण. सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या आईपासून काकूचा पत्ता लपवून ठेवावासा वाटतो, मग यात चोर कोण ते तूच ठरव.

इकडे सगळं ठीक आहे. सासूबाईंचा गुडघा तसाच. मलम मी रोज लावते आणि रोज ऐकते, धाकटीचा हात हलका होता. दोन वर्षं झाली तुम्हा दोघांना हे घर सोडून, तरी या घरात अजून तुझा हात हलका आणि माझा जड. भावोजींचा फोन दर रविवारी येतो. तो ठेवल्यावर अर्धा तास त्या खुशीत असतात. मग समोर मी दिसते आणि चेहरा पुन्हा होता तसा होतो.

शेडमध्ये तीन नव्या पोरी आल्या आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना तेच सांगितलं जे तुला सांगितलं होतं. आपण विमानाने जाणारा धोक्याचा माल बांधतो. रंग, अत्तर, बॅटऱ्या, प्रयोगशाळेतली रसायनं. घरी फडताळात निमूट बसणारी बाटली वर आकाशात गेली की तिचा स्वभाव बदलतो, म्हणून कुठलं झाकण किती पिळायचं इथपासून सगळ्याचा नियम आहे. एक नियम चुकला तर विमानतळावरचा तपासनीस खोकं परत पाठवतो. पोरींनी माना डोलावल्या. एवढ्यात मुकादम मागून म्हणाला, "धाकटी हेच किती हसवून सांगायची!" हसवायला मी काय तमाशा मांडला होता?

परतीचा फळाही अजून भिंतीवर आहे. ज्याचं खोकं परत येईल त्याच्या नावाखाली एक रेघ. माझ्या नावाखाली अकरा. तुझ्या नावाखाली चार वर्षं कोरी जागा होती, आणि शेवटी एकच रेघ. तुझं नाव अजून कोणी पुसलेलं नाही. मी एकदा मुकादमाला सुचवून बघितलं, त्याने ऐकलं नाही.

त्या एका रेघेबद्दल मी काही लिहिणार नाही. खोकं फुटलं, लोडरच्या कपाळाला सहा टाके पडले, तुझा पॅकिंगचा परवाना दोन वर्षांसाठी गेला, तुम्ही बिऱ्हाड हलवलंत. चूक कोणाच्याही हातून होते. मी तेव्हाही हेच म्हणाले होते.

तू आता तिकडे काचेच्या भांड्यांच्या दुकानात माल गुंडाळतेस असं कळलं. आणि तिथल्या मालकीणबाईंना तुझ्याशिवाय करमत नाही, असंही कळलं. तुला कुठेही सोडलं तरी तू तुझी माणसं गोळा करतेसच.

तुझ्या नावाने इथे एक लिफाफा आला आहे. जाहिरात असावी. सवडीने पाठवीन.

तुझी थोरली जाऊ


८ फेब्रुवारी

धाकटे,

लिफाफा जाहिरातीचा नाही. परवाना ऑफिसचा आहे. आणि तो मी तीस जानेवारीलाच उघडला होता.

सोबत पाठवते आहे. उघडलेली कड दिसेल. परत चिकटवायला गेले तर कागद सुरकुतला, म्हणून तो नाद सोडला. आत लिहिलंय ते असं: तुझी दोन वर्षं संपत आली, म्हणून वीस फेब्रुवारीला सकाळी अकराला सुनावणी आहे. त्या खोक्याबद्दल काही नवीन माहिती पुढे आली तर तुझा परवाना तुला परत मिळेल. नाही आली तर तो कायमचा रद्द, आणि मग कुठल्याही गावातल्या कुठल्याही शेडमध्ये तुला धोक्याच्या मालाला हात लावता येणार नाही.

हे वाचून मी लिफाफा कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि नऊ दिवस तिकडे बघितलं नाही. का, ते सांगते. तू परत येशील म्हणून. परवाना मिळाला की मुकादम तुला पायघड्या घालून बोलावणार. तू आलीस की सासूबाईंचा गुडघा बरा होणार, लेक अभ्यासाला तुझ्या खोलीत जाऊन बसणार, आणि जेवताना आमचे हे पुन्हा बोलायला लागणार. आता ते गप्प जेवतात. गप्प तर गप्प, पण निदान तुझ्याबद्दल तरी बोलत नाहीत.

तुला आठवतं का? आमच्या यांनी उभ्या आयुष्यात कोणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. शेडपासून विमानतळापर्यंत गाडी चालवायची, खोकी उतरवायची, घरी येऊन पाय धुवायचे, एवढाच माणूस. आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "धाकटीचं खोकं बघितलं की वाटतं, आतला माल गाढ झोपलाय." मी त्याच गाडीत बावीस वर्षं खोकी चढवते आहे. माझ्या खोक्यातला माल झोपलेला आहे की जागा, हे त्यांनी एकदाही बघितलेलं नाही.

आणि तुला त्या शेडमध्ये आणलं कोणी? मीच ना? लग्न होऊन आलीस तेव्हा तुला टेपच्या रोलचं टोक सापडत नव्हतं. नखाने खरवडत बसायचीस आणि हसायचीस. झाकण किती पिळायचं, ते मी शिकवलं. बाटली पिशवीत, पिशवीत शोषून घेणारा कागद, मग डबा, मग खोकं. बाणाचं लेबल समोरासमोरच्या दोन बाजूंना, एकाच बाजूला लावून भागत नाही. खोकं बनवणाऱ्याने जेवढ्या रुंदीचा टेप सांगितला तोच, बोटभरही कमी नाही. सगळं मी शिकवलं. सहा महिन्यांत माझ्या टेबलावरचा अवघड माल मुकादम तुझ्या टेबलावर ठेवायला लागला. काही न बोलता, अलगद उचलून. जणू मला दिसणारच नाही.

असो. सुनावणीची तारीख तुला कळली, माझं काम झालं. नवीन माहिती कुठून येणार म्हणा. दोन वर्षांत कोणी काही बोललेलं नाही.

थोरली


१२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं. मला नाही, लेकीला. चार पानं. माझी दोन पत्रं तुला मिळाली असणार, त्यांना एक ओळ नाही. लेक पत्र घेऊन गच्चीवर गेली आणि तासाभराने खाली आली ती डोळे पुसत. मी म्हटलं, "काय लिहिलंय?" तर म्हणाली, "काकूने विचारलंय, आईची तब्येत बरी आहे ना."

माझी तब्येत मला विचार ना! पोरीच्या तोंडून कसली चौकशी करतेस?

त्यावर आणखी एक ऐकलं. बारावी झाली की तिला तुझ्या गावच्या कॉलेजात जायचंय आणि तुझ्याकडे राहायचंय. तुझं ठरलंय, भावोजींचं ठरलंय, सासूबाईंना ठाऊक आहे, आमच्या यांनाही बहुतेक ठाऊक आहे. जिने नऊ महिने पोटात वागवली, तिलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

तर आता नवीन माहितीचं. एक आहे. तुला ती ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे, म्हणून ती आपल्या दोघींत जुनीच. पण ऑफिसला नवीन.

त्या दिवशी तुझ्या टेबलावर थर्मोकोलचा डबा होता. आत रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या, भोवती सहा किलो ड्राय आइस, वर नुसतं टेकवलेलं झाकण. लेबलं संपली म्हणून तू स्टोअरमध्ये निघालीस आणि जाताना म्हणालीस, "ताई, जरा इकडे लक्ष असू द्या हं." मी लक्ष दिलं. झाकणाला टेप लावला, डबा बाहेरच्या खोक्यात बसवला, खोकं बंद केलं, वर पट्टे आवळले.

आता ड्राय आइसचं झाकण टेपने बंद करायचं नसतं, हे शेडमधल्या झाडूवालीलाही माहीत आहे. साध्या बर्फाचं पाणी होतं, याची सरळ हवा होते, आणि त्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. वाट ठेवली नाही तर डबा फुगतो आणि फुटतो. बाकी सगळा माल घट्ट बांधायचा, हा एकच सैल सोडायचा. आणि हाताला नेमकं हेच जमत नाही. बावीस वर्षं फट दिसली की बुजवलेली असते. माझा हात गेला. सवयीने गेला.

हे मी वीस तारखेला सांगायला तयार आहे. थोरल्या जावेचा हात सवयीने गेला, धाकटीने आत बघितलं नाही, सही केली. दोघींची अर्धी अर्धी चूक. मुकादमाला मी आडून विचारलं, तो म्हणाला, सवयीच्या चुकीला फार तर ताकीद देतात. म्हणजे तुझंही होईल आणि माझंही निभावेल.

बघ, पटतं का. पटलं तर एक ओळ लिही. मला लिही, लेकीला नको.

थोरली


१६ फेब्रुवारी

धाकटे,

सवयीचं खोटं आहे.

तुझ्या उत्तराची वाट बघत होते. ते आलं नाही आणि मला समजलं, की तुला ते पटलेलं नाही. तू माझ्याकडूनच शिकलीस. माझा हात कसा चालतो ते तुला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आता एका दमात लिहून टाकते, नाहीतर पुन्हा काहीतरी गोड करून सांगेन.

त्या दिवशी सकाळी मुकादमाने मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाला. तो कधी बस म्हणत नाही, तेव्हाच काय ते ओळखलं. म्हणाला, "आता नव्यांना शिकवायचं काम धाकटीकडे देतोय. तुमचं ज्ञान मोठं आहे हो, पण पोरी तुम्हाला घाबरतात." मी म्हटलं, "घाबरायलाच पाहिजे. हा माल काय लाडाने बोलून गप्प बसणार आहे?" तो हसला. म्हणाला, "बघा, हेच म्हणतोय मी."

मी टेबलापाशी आले तर तू तोंड पाडून उभी. तुला आधीच सांगितलेलं होतं. म्हणालीस, "ताई, तुम्हाला वाईट वाटत असेल तर मी नाही म्हणू का?"

धाकटे, तू जरा मिरवली असतीस ना, तर मी घरी येऊन भांडी आपटली असती आणि विषय संपला असता. सासूबाईंकडे दोन कागाळ्या केल्या असत्या. पण तू माझी दया केलीस. जे माझं होतं ते तू मला भीक घालायला निघाली होतीस, तेही डोळ्यांत पाणी आणून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "छे ग, मला कशाला वाईट वाटेल? घे की." आणि तू खरं मानलंस.

त्यानंतर पाऊण तासाने तू लेबलं आणायला गेलीस.

झाकणाला मी टेपचे तीन वेढे दिले. टेप ओढताना कसा टर्र आवाज होतो, ठाऊक आहे ना? मी तो हळूहळू ओढला, आवाज होऊ नये म्हणून. सवयीने लावणारी बाई टेप हळू ओढत नाही. तिसऱ्या वेढ्याला मी दरवाज्याकडे बघितलं. खोक्यावर पट्टेही मीच आवळले, म्हणजे बाहेरून कोणाला काही दिसायला नको.

मला वाटलं होतं खोकं फुगेल. शपथ घेऊन सांगते, फुटेल असं वाटलं नव्हतं. फुगेल, तपासनीस परत पाठवेल, आणि फळ्यावर तुझ्या नावाखाली एक रेघ पडेल. एकच. माझ्या अकरा होत्या, तुझी एक झाली असती तर काय मोठं बिघडणार होतं? मला फक्त एकदा मुकादमाने खडू उचलून तुझ्या नावाकडे जाताना बघायचं होतं.

तू आलीस. म्हणालीस, "अगबाई, बंदही केलंत? मग आता उघडून बघायला नको." आणि कागदावर सही केलीस. मी तिथेच उभी होते, हातात रोल. तेव्हा सांगता आलं असतं. आमच्या यांनी खोकं गाडीत चढवलं, तेव्हाही आलं असतं. ते तपासणीतून पास होऊन गोदामात चार तास पडून होतं. चार तासांत मी दोनदा चहा प्यायले.

विमानात चढायच्या आधी फुटलं म्हणून आज मी हे लिहायला तरी बसले आहे. वर गेल्यावर फुटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी रोज करते आणि रोज अर्ध्यावर सोडून देते. तो लोडर अजून दर आठवड्याला भेटतो. भुवईवर टाक्यांची खूण आहे. "काय मावशी, बरंय ना?" म्हणतो.

आणि एक, जे तुलाही ठाऊक नाही. त्या नळ्या नऊ मुलांच्या रक्ताच्या होत्या. सगळं वाया गेलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका मुलाच्या आईने कुठूनसा नंबर मिळवून शेडवर फोन केला. तिला एवढंच विचारायचं होतं, की आता पुन्हा टोचावं लागेल का. तो फोन मी उचलला होता. मी म्हणाले, "हो. धाकटीकडून चूक झाली." जिची तुझी ओळख ना पाळख, त्या बाईलाही मी तुझंच नाव सांगितलं.

चौकशीच्या दिवशी तू आधी आत गेलीस. अर्धा तास होतीस. बाहेर आलीस ती माझ्याकडे न बघता निघून गेलीस. मी मनाशी म्हटलं, झालं, माझं नाव सांगून आली. मग मी आत गेले आणि सांगितलं, "मी त्या टेबलाजवळ फिरकलेच नव्हते." त्यांनी माझं मानलं. सही तुझी होती, आणि माझी नोकरी तेव्हा वीस वर्षांची. दोन वर्षं मी स्वतःची समजूत घालते आहे, की आधी तू माझं नाव घेतलंस, मग मी हात झटकले. फिटंफाट झाली.

वीस तारखेला मी जाणार आहे. हे सगळं लिहून देणार, तीन वेढ्यांसकट. तू येऊ नकोस. तू समोर बसलीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर माझं डोकं फिरेल आणि मी पुन्हा भलतंच काहीतरी बोलेन.

थोरली


२१ फेब्रुवारी

धाकटे,

काल जाऊन आले.

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक सर्दी झालेला साहेब. टेबलावर फायली कमी आणि रुमाल जास्त. मी माझी दोन पानं पुढे केली. त्यांनी ती वाचली, नाक पुसलं, पुन्हा वाचली. मग तुझी फाइल उघडली, एक कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला. म्हणाले, "मग हे काय?"

तुझं अक्षर. तुझी सही. दोन वर्षांपूर्वीची, चौकशीच्या दिवसाची तारीख. "झाकणाला टेप मीच लावला. डब्याला दुसऱ्या कोणाचाही हात लागलेला नाही."

मी ते किती वेळा वाचलं देव जाणे. साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा कुठे मान वर केली.

म्हणजे अर्धा तास आत बसून तू हे लिहिलंस. आणि बाहेर माझ्याकडे बघितलं नाहीस ते नाव सांगितलं म्हणून नाही. मी आत जाऊन काय म्हणणार, हे तुला कळलं होतं म्हणून.

साहेब म्हणाले, "बाई, मला रोजचं आहे हे. घरच्या माणसाचा परवाना सुटावा म्हणून दुसरं माणूस दोष अंगावर घेतं. तुमचं मन मोठं आहे. अशी थोरली जाऊ सगळ्यांना मिळत नाही."

तेवीस वर्षं झाली लग्नाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला चांगली जाऊ म्हणालं, आणि मला रडू फुटलं ते संतापाने. मी म्हटलं, "अहो साहेब, मी चांगली नाही. मी मुद्दाम केलं. जळून केलं." ते म्हणाले, "हो, हो, शांत व्हा." माझा गुन्हा कोणी मानायलाच तयार नाही! मी त्यांना त्यांच्याच टेबलावरच्या टेपने, त्यांच्याच जेवणाच्या डब्याच्या झाकणाला तीन वेढे देऊन दाखवले. आवाज न करता. ते बघत राहिले. मग म्हणाले, "टेप तुम्हाला लावता येतो, एवढं कळलं."

मग त्यांनी तुला फोन लावला, स्पीकरवर. दुसऱ्या घंटीला उचललास. माझे सात फोन वाजून वाजून थांबले होते.

"साहेब, झाकण मीच लावलं," तू म्हणालीस. "आमच्या ताईंकडून अशी चूक होणारच नाही."

आवाज अगदी शांत. हे तू मनापासून म्हणालीस की मला टोचायला, ते मला अजून समजलेलं नाही. काल रस्ताभर तेच घोळत होतं. माझी सगळी पत्रं तुला मिळाली आहेत, सोळा तारखेचंही. लेकीने कबूल केलं. तीन वेढे वाचून, त्या आईचा फोन वाचून तू हे म्हणालीस.

घरी आल्यावर मी लेकीला समोर बसवलं. म्हटलं, काकूच्या मनात काय आहे ते खरं सांग. ती म्हणाली, "काकू म्हणते, मी काचा बांधूनही राहीन. तुझ्या आईला शेडशिवाय राहता येणार नाही. ती तिथे नसली तर तिच्याजवळ काहीच उरणार नाही." आणि मग माझी लेक, जी मला तिचा कागदाचा कपटाही दाखवत नाही, माझ्याजवळ सरकून म्हणाली, "आई, तू काकूला जे लिहिलंस ना, ते तिने मला वाचून दाखवलं फोनवर. मला तुझी लाज वाटली. पण तू लिहिलंस म्हणून बरंही वाटलं." मला ती दोन्ही वाक्यं चालली. ती तुझ्याबद्दल नव्हती, माझ्याबद्दल होती.

आता नीट ऐक. साहेबांनी अठ्ठावीस तारखेपर्यंत वेळ दिला आहे. दोघींचं म्हणणं उलटसुलट आहे, ते एकमेकांशी जुळलं नाही तर फाइल आहे तशी बंद होईल आणि तुझा परवाना कायमचा जाईल. सोबत एक कागद आहे. त्यावर तुझ्या नावाने छापलंय, की माझं आधीचं म्हणणं खरं नव्हतं. खाली तुझ्या सहीची जागा आहे. सही झाली तर तुझा परवाना तुला आणि माझा त्यांच्याकडे. बाहेर पडताना मी त्यांना विचारलं, मला ताकीद मिळेल का? ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ते खरं असेल, तर ताकीद नाही. परवाना जाईल." मी म्हटलं, तेच विचारत होते.

शेडशिवाय मला राहता येणार नाही, हे तू बरोबर ओळखलंस. तुला माझं सगळंच बरोबर ओळखता येतं, आणि मला तुझा राग येतो तो त्याचसाठी. पण मला राहता येतं की नाही ते मी बघेन. तू नको बघूस.

तुला वाटत असेल तू मला वाचवलंस. मला काय दिसतं ते सांगते. सासूबाई तुझ्या. मुकादमाचं कौतुक तुझं. आमच्या यांनी आयुष्यात काढलेलं एकमेव बरं वाक्य तुझ्यावर. लेक तुझ्याकडे राहायला येणार आहे, मी अडवणार नाही, कारण अडवून ती माझी होणार नाही. एवढं सगळं झाल्यावर मी माझं पाप पदरात घ्यायला त्या खोलीत गेले, तर तिथेही तू दोन वर्षं आधी जाऊन बसलेली. तेही तूच घेतलेलंस. हसतमुखाने, सुवाच्य अक्षरात.

त्याला मी मोठेपणा म्हणणार नाही. म्हणवत नाही माझ्याने. मी अजून जळतेच आहे, हे पत्र लिहितानाही. उद्या तू परवाना घेऊन परत आलीस आणि मुकादम दारापर्यंत सामोरा आला, तर मी खिडकीतून बघेन आणि माझ्या पोटात दुखेल. दुखू दे. ते माझं दुखणं आहे.

पण ते खोकं तुझं नव्हतं. बावीस वर्षांत मी हजारो खोकी बांधली, त्यातलं एकही मला आठवत नाही. हे एकच मी पूर्ण विचार करून बंद केलं. तू माझं बाकी सगळं घेतलंस, काही न मागता तुला मिळत गेलं, ते ठेव. हे मात्र माझं आहे. ते मला परत दे.

सही कर.

थोरली